भाग क्रमांक दोनशे अकरा

इलठणपाडा, दिघा. एक हजार एकशे चार नावं.
त्यातल्या निम्म्या घरांची पोरं
माझ्याच अंगणवाडीत उसळ सांडून मोठी झाली.
दुपारी वजनकाटा कपाटात ठेवते
आणि यादीची पिशवी खांद्याला लावून डोंगर चढते.

यादीत अर्ध्या पाड्याचा घर क्रमांक शून्य.
शून्याच्या दाराला निळा पडदा,
शून्याच्या ओट्यावर डालड्याच्या डब्यात तुळस,
शून्यात सहा माणसं,
त्यातली चार मतदार.

यल्लव्वा धोत्रे, एकाहत्तर, खाणीत खडी फोडलेली.
तिच्यापुढे कुणीतरी लिहिलंय: मयत.
वाचून दाखवलं तर म्हणाली,
"बरं, मेले. पण कधी, ते तरी सांग बाई.
तेराव्याला कोण कोण जेवून गेलं?"
अर्जावर अंगठा घेतला, तर ठसाच उमटेना.
रेषा सगळ्या दगडात गेलेल्या.
तीनदा टेकवला. जांभळा ढग आला नुसता.
मी खाली लिहिलं: समक्ष पाहिले, जिवंत आहे,
माझ्याशी भांडली.

रशीदा आपाकडे उलटं.
हमीदभाई जाऊन तीन वर्षं, यादीत मात्र ठणठणीत.
"राहू दे ना," ती म्हणाली, "कागदावर बसून
कुणाचं काय खातात?"
मी चहा संपेपर्यंत गप्प राहिले. मग सांगितलं,
आपा, रिकाम्या नावात दुसरा कुणी येऊन बसतो.
ती फोटोकडे बघत राहिली.
"काढ मग. रिक्षासुद्धा त्यांनी कधी
दुसऱ्याच्या हातात दिली नाही."

शुक्रवारी वरून सात नंबरचे अर्ज आले, एकतीस.
एकच गल्ली. एकच शाई.
सगळीकडे र ची शेपटी सारखीच वळलेली.
कारण: स्थलांतरित.
ज्याची सही होती तो वडापाववाला म्हणाला,
"मी? मला तर बिलावरही सही करता येत नाही नीट."

दिवसा गेले असते तर कुलपंच दिसली असती.
म्हणून रात्री नऊला गेले, मुलाचा टॉर्च घेऊन.
एकतीस दारं.
कुठे भाकरी थापणं चाललेलं, कुठे अभ्यासावरून मार,
एका घरी नवी सून, तिनं मला आधी पाणी दिलं,
मग विचारलं, कोण पाहिजे.
अठ्ठावीस जण आपापल्या नावाला ओ देत बाहेर आले.
एक रात्रपाळीला होता, त्याचा डबा विसरून राहिलेला.
दोघं मात्र खरंच गेले होते, वाशीमला, कायमचे.
खोट्या गठ्ठ्यात दोन ओळी खऱ्या निघाल्या.
त्या खऱ्या म्हणूनच लिहिल्या.

उतरताना पायऱ्यांपाशी एकानं मोटरसायकल आडवी लावली.
"ताई, एवढं मनावर घेता. मानधन किती मिळतं?"
मी आकडा सांगितला.
तो हसला. मलाही हसू आलं.
अहवाल होता तसाच गेला.

आता घरात सगळे झोपलेत आणि एक अर्ज उरलाय.
मोखाड्याच्या यादीत अजून एक मुलगी आहे,
हिरू लक्ष्मण भोये.
वय दरवर्षी वाढवतात तिचं,
फोटो तोच, दोन वेण्या, लाल रिबीन,
आणि नावाशेजारी बापाचं नाव,
जे आता दुसऱ्या कुठल्याच यादीत नाही.
वीस वर्षं तिला मी तिथं उभी ठेवली.
लोकांच्या दारात जाऊन सांगत होते,
एक माणूस, एक जागा.

कारण: स्थलांतरित.
हे खरं आहे, पुरावा जोडला आहे.
खाली अर्जदाराची सही हवी.
पेन टेकवलं,
आणि तिची सही कशी होती
तेच आठवेना.